उंदराचा मेद आणि पुण्याचे बाळ : पेशीसंदेशवाहक प्रथिनांच्या संशोधनाची एक चिकित्सा

बीजशब्द : लेप्टिन, मेदऊती, संदेशवाहक प्रथिने, प्राणी-प्रारूप, कृश-मेदयुक्त बाळ, कुपोषण

प्रस्तावना

शरीरातील मेदाविषयीची शास्त्रीय समजूत गेल्या तीन दशकांत मुळापासून बदलली. मेदऊती म्हणजे उरलेल्या ऊर्जेचे निष्क्रिय कोठार, ही जुन्या पाठ्यपुस्तकांतील कल्पना आता टिकण्यासारखी नाही. नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात वावरणाऱ्यास हा फरक चटकन उमगावा. कोळशाचा ढीग आपण होऊन नियंत्रण कक्षाशी बोलत नाही. तो मोजावा लागतो. मेदपेशी मात्र स्वतःच्या साठ्याची वर्दी रक्तामार्फत मेंदूकडे सतत पाठवीत असतात, आणि त्या वर्दीनुसार भूक, ऊर्जेचा व्यय व प्रजननक्षमतादेखील बदलते. ही वर्दी प्रथिनांच्या भाषेत दिली जाते. ती भाषा प्रथम वाचली गेली ती उंदरांच्या शरीरात.

हे संशोधन थोर आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. उंदरावर सिद्ध झालेले निष्कर्ष वर्गात, वृत्तपत्रांत आणि औषधांच्या प्रचारात ज्या सहजतेने माणसाला लावले जातात, ती सहजता कितपत समर्थनीय आहे? आणि महाराष्ट्रातील माणसाच्या मेदाविषयी याच महाराष्ट्रात जे संशोधन झाले, त्याच्या कसोटीवर उंदराचे प्रारूप कोठे उतरते व कोठे उणे पडते? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभीच एका भाषिक अडचणीची नोंद करणे आवश्यक आहे. इंग्रजीत ‘माऊस’ आणि ‘रॅट’ हे दोन भिन्न प्राणी आहेत. एक वीस-तीस ग्रॅमचा, दुसरा त्याच्या दसपट व अधिक वजनाचा. मराठीत दोहोंना ‘उंदीर’च म्हणतात. परिणामी मराठी बातमीत दोन्हींवरील प्रयोग एकाच पारड्यात पडतात. येथे ‘उंदीर’ हा शब्द माऊससाठी आणि ‘रॅट’ हा शब्द मोठ्या जातीसाठी योजला आहे.

लेप्टिनची कथा आणि तिचे सोपे रूप

अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये अतिस्थूल उंदीर आढळले. त्यांच्यातील उत्परिवर्तनाला ‘ओबी’ हे नाव मिळाले. पुढे १९६६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून ‘डीबी’ हे दुसरे उत्परिवर्तन नोंदविले गेले. हे उंदीर स्थूल तर होतेच, शिवाय त्यांना तीव्र मधुमेह होता. डग्लस कोलमन यांनी या उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांस जोडून त्यांचे रक्ताभिसरण सामाईक केले. प्रयोग क्रूर वाटेल. पण त्यातून हाती आलेले तर्कशास्त्र अत्यंत स्वच्छ होते. डीबी उंदराला जोडलेला सामान्य उंदीर अन्न सोडून मरण पावला. डीबीला जोडलेला ओबी उंदीरही तसाच उपासमारीने गेला. सामान्य उंदराला जोडलेला ओबी मात्र कमी खाऊ लागला. याचा अर्थ असा की, तृप्तीचा संदेश ओबी उंदराला तयार करता येत नाही, पण वाचता येतो. डीबी उंदीर तो भरपूर तयार करतो, पण त्याला तो वाचता येत नाही. जनुकाचा पत्ता नसताना, केवळ दोन देह जोडून काढलेला हा निष्कर्ष पुढील वीस वर्षांनी अक्षरशः खरा ठरला.

डिसेंबर १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी ओबी जनुकाचा शोध जाहीर केला. त्या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन असे नाव देण्यात आले. १९९५ मध्ये त्याचा ग्राही सापडला आणि डीबी उंदरात तोच सदोष असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. लेप्टिन हायपोथॅलॅमसमधील चेतापेशींवरील ग्राहीला चिकटते. ग्राहीला जोडलेले जेएके-२ हे विकर कार्यान्वित होते. त्यामुळे स्टॅट-३ हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरते आणि भूक मंदावणारी जनुके जागी होतात, भूक वाढविणारी दबतात. या साखळीला लगामही आहेत. एसओसीएस-३ आणि पीटीपी-१बी ही प्रथिने संदेशाचा जोर कमी करतात.

इथवर सर्व ठीक. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. १९९५ मध्ये लेप्टिनच्या टोचणीने ओबी उंदरांचे वजन झपाट्याने उतरले आणि त्याच वर्षी अ‍ॅमजेन या कंपनीने दोन कोटी डॉलर मोजून हक्क घेतले. स्थूलतेवर औषध सापडले, असे वातावरण जगभर निर्माण झाले. १९९६ मध्येच मात्र स्पष्ट झाले की, बहुसंख्य स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसून उलट जास्त असते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थूल व्यक्तींना लेप्टिन दिल्यावर मिळालेला परिणाम माफक व व्यक्तिगणिक असमान होता. ज्यांच्यात जन्मतःच लेप्टिन नाही अशी मुले जगात अत्यल्प आहेत. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये पाकिस्तानी वंशाच्या दोन चुलत भावंडांत हा दोष प्रथम आढळला आणि त्यांपैकी मुलीवर लेप्टिनच्या उपचाराचा उत्कृष्ट परिणाम झाला. म्हणजे ओबी उंदीर खोटा नव्हता. तो एका अतिदुर्मिळ मानवी आजाराचे अचूक प्रारूप होता. त्याला सर्वसाधारण स्थूलतेचा प्रतिनिधी मानण्यात चूक झाली. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेत लेप्टिनसदृश औषधाला मान्यता मिळाली ती स्थूलतेसाठी नव्हे, तर शरीरात मेदऊतीच जवळजवळ नसलेल्या विकारासाठी. ज्या रेणूची जाहिरात मेद घालविणारा म्हणून झाली, तो अखेर मेद नसलेल्यांच्या उपयोगी पडला.

वस्तुतः याची चाहूल उंदरांनीच दिली होती. १९९६ मध्ये रेक्सफोर्ड अहिमा, जेफ्री फ्लायर आदींनी उपाशी उंदरांना लेप्टिन दिले, तेव्हा उपासमारीत होणारे प्रजनन, अवटू व अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांतील बदल सौम्य झाले. यावरून लेप्टिनचे मुख्य काम ‘पुरे झाले’ असे सांगण्यापेक्षा ‘साठा संपत आला’ हे कळविण्याचे असावे, असे मत पुढे आले. उत्क्रांतीच्या दृष्टीने ते अधिक पटणारे आहे. प्राण्याला भीती असते ती दुष्काळाची. ही बाब पाठ्यपुस्तकांत तळटीपेत जाते आणि ‘तृप्तीचे संप्रेरक’ ही ओळख मथळ्यात राहते, हे योग्य म्हणता येणार नाही. महाराष्ट्रासारख्या अवर्षणाचा इतिहास असलेल्या प्रदेशात तर ही तळटीपच मथळा व्हायला हवी होती.

एकच प्रथिन, ऊती मात्र वेगळ्या

‘अमुक प्रथिनामुळे चरबी वाढते’ या स्वरूपाच्या विधानाला पीटीपी-१बीचे उदाहरण चांगलेच अडचणीत आणते. १९९९ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार करण्यात आले. ते इन्सुलिनला अधिक संवेदनशील होते आणि मेदयुक्त आहारावरही फारसे जाड झाले नाहीत. साहजिकच पीटीपी-१बीला रोखणारे औषध शोधण्याची चढाओढ लागली. मात्र २००६ मध्ये हेच प्रथिन एकेका ऊतीतून स्वतंत्रपणे वगळण्यात आले, तेव्हा चित्र पालटले. चेतापेशींतून वगळल्यास उंदीर कृश राहिले. स्नायू वा यकृतातून वगळल्यास वजनावर परिणाम झाला नाही. मेदऊतीतून वगळल्यास वजन चक्क वाढले. तेव्हा या प्रथिनाला मेदवर्धक म्हणावे की मेदनाशक? ‘कोणते प्रथिन’ इतकेच विचारून भागत नाही. ‘कोणत्या ऊतीत’ हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही. प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात बाणांच्या आकृत्या काढून ही साखळी शिकविली जाते, तेव्हा त्या बाणांना ऊतीचा पत्ता क्वचितच असतो.

पिंजऱ्याचे तापमान आणि घड्याळ

उंदराच्या प्रारूपावरील याहून मूलभूत आक्षेप त्याच्या निवासाविषयी आहे. प्रयोगशाळा साधारणतः २० ते २२ अंश सेल्सियसला ठेवली जाते. ते तापमान संशोधकाला सुखाचे असते. उंदराला विनासायास उबदार राहण्यासाठी सुमारे ३० अंश लागतात. त्यामुळे नेहमीच्या पिंजऱ्यातील उंदीर आपल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा केवळ ऊब राखण्यासाठी जाळत असतो. याचा परिणाम किती गंभीर असू शकतो, हे तपकिरी मेदातील उष्णता निर्माण करणाऱ्या यूसीपी-१ या प्रथिनाच्या अभ्यासातून दिसले. हे प्रथिन नसलेले उंदीर जाड होतील अशी अपेक्षा असताना नेहमीच्या तापमानाला ते जाड झालेच नाहीत. २००९ मध्ये तोच प्रयोग उंदराला मानवणाऱ्या उबदार तापमानाला करण्यात आला, तेव्हा ते जाड झाले. एकाच जनुकाचे उत्तर खोलीच्या तापमानावर ‘नाही’चे ‘होय’ झाले! नाशिकची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तरी येथील माणूस वर्षभर उंदरासारखा कुडकुडत नाही.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. उंदीर निशाचर आहे. प्रयोग मात्र बहुधा दिवसा, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी होतात. असे असूनही या बाबतीत उंदराने माणसाला काही मोलाचे सांगितले आहे, हे मान्य करावे लागेल. २००५ मध्ये जैविक घड्याळाचे ‘क्लॉक’ जनुक सदोष असलेले उंदीर अवेळी खातात व स्थूल होतात, असे आढळले. २००९ मध्ये निर्दोष उंदरांनाही केवळ विश्रांतीच्या वेळी मेदयुक्त अन्न दिल्यास त्यांचे वजन अधिक वाढते, असे दिसले. एकलहरेसारख्या, जेथे संच रात्रंदिवस चालतात आणि माणसे पाळीत कामावर जातात अशा वसाहतीसाठी हा निष्कर्ष दूरचा नाही. रात्रपाळीच्या डब्याचा विचार कॅलरींच्या बरोबरीने वेळेच्या अंगानेही व्हावा, इतके तरी त्यातून निश्चित निघते. प्रारूपाचा उपयोग नाकारणे हा येथे उद्देश नाही, तो नेमका करणे हा आहे.

पुण्याने विचारलेला उलटा प्रश्न

उंदराच्या बहुतेक प्रयोगांत मेद निर्माण केला जातो तो अतिपोषणाने. साठ टक्के ऊर्जा मेदातून देणारा आहार हा त्यांतील नित्याचा मार्ग. पुण्यात जो प्रश्न उभा राहिला तो नेमका उलट होता: कमी खाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आईच्या पोटी आलेल्या कमी वजनाच्या बाळात मेद कसा?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे शहराजवळील सहा गावांत माता-पोषण अभ्यास सुरू केला. ब्रिटनमधील साउथहॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर यांच्या परंपरेतील कॅरोलाइन फॉल आदी संशोधक त्यात सहभागी होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुण्याजवळील ६३१ आणि साउथहॅम्प्टनमधील ३३८ नवजात बालकांची तुलना आहे. सरासरी जन्मवजन अनुक्रमे २.७ व ३.५ किलोग्रॅम. वजन, उंची, दंडाचा व पोटाचा घेर या सर्वांत पुण्याची बाळे लहान होती. पण पाठीवरील, खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेच्या घडीची जाडी त्या मानाने टिकून होती. स्नायू व उदरातील अवयव कमी पडले होते, मेद राखला गेला होता. यालाच ‘कृश-मेदयुक्त’ बाळ म्हटले गेले.

संदेशवाहक प्रथिनांच्या दृष्टीने २००२ चा अभ्यास अधिक महत्त्वाचा आहे. पुणे व लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्ताची त्यात तुलना करण्यात आली. वजनातील फरक हिशेबात घेतला असता पुण्याच्या बाळांत लेप्टिन व इन्सुलिन अधिक आणि अ‍ॅडिपोनेक्टिन हे मेदऊतीचे हितकर प्रथिन कमी आढळले. म्हणजे बार हार्बरच्या उंदरांमुळे ज्या रेणूची ओळख पटली, तोच रेणू पुण्याच्या पावणेतीन किलोच्या बाळात जास्त का, हा प्रश्न उभा राहिला. आणि त्याचे उत्तर द्यायला ना ओबी उंदीर उपयोगी होता, ना साठ टक्के मेदाचा आहार. त्वचेच्या घडीवरून संपूर्ण मेदाचा अंदाज बांधण्यावर आक्षेप घेता येत होता, आणि तो योग्यही होता. २००९ मध्ये नीना मोदी आदींनी याज्ञिक यांच्या सहकार्याने चुंबकीय प्रतिमांकनाद्वारे पुणे व लंडनमधील नवजात बालके तपासली, तेव्हा वजनाने कमी असलेल्या भारतीय बाळांच्या पोटात अधिक मेद असल्याचे दिसले. आक्षेपाला मिळालेले हे उत्तर बऱ्याच अंशी समाधानकारक आहे, जरी तपासलेल्या बाळांची संख्या लहान होती.

याज्ञिक यांचे सर्वांत गाजलेले लेखन मात्र अवघ्या एका पानाचे आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, तंतोतंत सारखा. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिक यांनी आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी गाठण्याची धाव, असे विनोदाने नमूद केले. दोन व्यक्तींवरून सिद्धांत होत नाही, हे दोघांनाही अर्थातच ठाऊक होते. तरीही निर्देशांकाची मर्यादा दाखविणारे इतके परिणामकारक पान वैद्यकीय वाङ्मयात विरळा आहे.

२००८ मध्ये याच सहा गावांतील मुलांच्या सहाव्या वर्षीच्या तपासणीचे निष्कर्ष आले. गरोदरपणात ज्या मातांमध्ये फोलेटचे प्रमाण जास्त होते, त्यांच्या मुलांत मेद अधिक आढळला. आणि माता ब-१२ जीवनसत्त्वात कमी व फोलेटमध्ये जास्त असल्यास मुलांतील इन्सुलिन-रोध सर्वाधिक होता. निम्म्याहून अधिक मातांत ब-१२ कमी होते. गरोदर स्त्रियांना लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या देणे हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे, आणि चेतानलिकेचे दोष टाळण्यासाठी फोलेटची गरज निर्विवाद आहे. म्हणून हा निष्कर्ष गोळी बंद करण्याचा नव्हे. ब-१२ची जोड देण्याचा आहे. त्याच दिशेने २०१२ मध्ये या गावांतील किशोरवयीन मुलामुलींना, म्हणजे भावी मातापित्यांना, ब-१२ देण्याची चाचणी सुरू करण्यात आली. निरीक्षणातून प्रयोगाकडे जाण्याचे हे पाऊल विशेष उल्लेखनीय आहे. तेही उंदरांऐवजी थेट माणसांत, सौम्य मात्रेत टाकले गेले.

पन्नास पिढ्यांचा रॅट

पुण्याच्या प्रश्नाला साजेसे प्राणी-प्रारूप २०१५ मध्ये पुढे आले. आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक व सहकाऱ्यांनी ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या रॅटचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रॅट कमी वजनाचे जन्मत. त्यांच्यात पोटातील मेद, इन्सुलिन व लेप्टिन अधिक, तर अ‍ॅडिपोनेक्टिन, ब-१२ व फोलेट कमी होते. मधुमेहकारक रसायनाला ते आठपट अधिक बळी पडत. नंतरच्या दोन पिढ्यांना पोटभर खाद्य दिले, तरी हे दोष मिटले नाहीत. इन्सुलिनच्या एका जनुकावरील अनुवंशबाह्य खुणाही कायम राहिल्या. पुण्याच्या बाळाचे वर्णनच जणू या प्राण्यात उमटले, आणि तेच या प्रयोगाचे यश आहे.

परंतु येथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. उंदराच्या अतिपोषणाची कथा ज्या घाईने माणसाला चिकटवली गेली, त्याच घाईने रॅटच्या अर्धपोटी पिढ्यांची कथाही चिकटवली जाऊ लागली आहे. रॅटच्या पन्नास पिढ्या काही वर्षांत होतात. माणसाच्या पन्नास पिढ्या म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ. महाराष्ट्राने १८७६-७८ चा व १९७२ चा दुष्काळ पाहिला, आणि त्या दरम्यान सुगीही पाहिली. अखंड, एकसारखी आणि सर्वांना सारखीच अर्धपोटी ठेवणारी व्यवस्था कोणत्याही समाजात नसते. जात, वर्ग व लिंग यांनुसार ताटातला वाटा बदलतो. रॅटच्या पिंजऱ्यात हा फरक नाही. दुसरे असे की, ‘दोन पिढ्यांत सुधारणा नाही’ हे विधान प्रयोगशाळेतील तयार खाद्याविषयीचे आहे. त्यावरून ‘आजीने उपास काढला म्हणून नातवाला मधुमेह अटळ’ असा दैववादी अर्थ काढणे शास्त्राला धरून नाही. तो अर्थ सोयीचा मात्र आहे. कारण मग शाळेच्या पोषण आहारात काय असावे, पाळीच्या कामगाराला जेवणाची वेळ कोणती मिळावी, मुलीच्या ताटात दूध पडते की नाही, असे अवघड प्रश्न पूर्वजांवर ढकलता येतात.

मोजमापाचा पेच

या चर्चेतील गुंतवणूक केवळ विद्वत्तेची नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना पूर्वमधुमेह आहे. यांतील अनेकजण डोळ्यांना जाड दिसत नाहीत. सडपातळ प्राध्यापक वा लिपिक वजनकाट्यावर उतरतो, निर्देशांक २२-२३ येतो आणि तपासणी तेथेच संपते. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे आहे का, एवढे पाहण्यासाठी एक साधी मोजपट्टी पुरते.

२०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि स्थूलतेसाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. हीदेखील संदेशवाहक रेणूंचीच नक्कल करणारी औषधे होत. त्यांच्या वर्गातील पहिल्या औषधाचा मूळ रेणू मात्र उंदरातून आलेला नसून गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून आलेला आहे, हे सांगण्यासारखे आहे. सेमाग्लुटाइडच्या स्थूलतेवरील मुख्य चाचण्यांत मधुमेह नसलेल्यांना प्रवेश मिळाला तो निर्देशांक ३० असल्यास, किंवा सोबत एखादा विकार असल्यास २७ असल्यास. निर्देशांक २२.३ आणि मेद २१.२ टक्के असलेला माणूस या दारातून आत येत नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्थूलतेचे निदान केवळ निर्देशांकावर न करता मेदाचे थेट मापन किंवा कमरेसारखी अन्य मापे त्याच्या जोडीला घ्यावीत, अशी शिफारस केली. पुण्याच्या त्या एका पानाने हेच एकवीस वर्षांपूर्वी दोन छायाचित्रांत दाखवून दिले होते.